आठ अब्जांचे पोट आणि विहिरीतले पाणी

१८९८ मध्ये ब्रिस्टल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्ष सर विल्यम क्रुक्स यांनी श्रोत्यांना गव्हाचा हिशेब ऐकवला. खाणारी तोंडे वाढत आहेत, नवी जमीन फारशी उरलेली नाही आणि पिकांना नायट्रोजन पुरवणारे चिलीतील सोऱ्याचे साठेही कायमचे नाहीत. यातून वाचायचे, तर रसायनशास्त्रज्ञांनी हवेतला नायट्रोजन पकडायला शिकले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की पिकाला तो थेट घेता येत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ही जोडी फोडतात. माणसाला ते १९०९ मध्ये जमले. प्रचंड दाब आणि उष्णता वापरून फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया बनवला. १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. तेव्हा जगाची लोकसंख्या पावणेदोन अब्जांच्या आसपास होती. आज ती आठ अब्जांवर आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या पद्धतीने बनलेल्या खतावर पिकते, असा अंदाज आहे. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातून निघणारी युरियाची गोणीही त्यातलीच.

क्रुक्स यांची भीती अशी टळली, पण उधारी शिल्लक आहे. अमोनियासाठीचा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात आणि भारताला तो वायू मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो. शिवाय शेतात टाकलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपासच पिकाला लागतो. त्यात युरिया इतर खतांपेक्षा स्वस्त, म्हणून हात जरा सढळच सुटतो. उरलेल्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. बराचसा भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत उतरतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. सर्वांत मोठा धोका वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट तयार होते, त्यामुळे रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळे पडू लागते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शेताजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पावडरच्या दुधासाठी वापरायचे असेल, तर आधी ते प्रयोगशाळेत तपासून घेतलेले बरे.