सिस्टर कमी की सिस्टरच्या जागा कमी?

असोद्याहून जळगावच्या सिव्हिलला पेशंट न्यायचा असला, की रात्री कोण थांबणार हे घरीच ठरते. सलाइन संपत आली की हाक मारायला, लघवीचे भांडे द्यायला, कूस बदलून द्यायला घरचे माणूस हवेच, असे आपण धरून चालतो. कारण विचारले तर उत्तर तयार असते: नर्सिंगला मुली मिळत नाहीत, शिकतात त्या परदेशी जातात, सरकार तरी काय करणार? या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण ते चुकीच्या जागी बोट ठेवते. मुलींची चणचण नंतरची. आधीची चणचण आहे ती मंजूर, भरलेल्या आणि नीट पगाराच्या पदांची.

तथ्याचा भाग आधी पाहू. देशातील नोंदणीकृत परिचारिकांचा आकडा ३३ लाखांच्या वर आहे. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर दर हजारी दोनच्या थोड्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तीन हव्यात. म्हणजे तूट आहेच. पण नोंदवही आणि वॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत एकदा चढलेले नाव लग्नानंतर काम सोडले, परदेशी गेले किंवा शाळेत नोकरी धरली म्हणून आपोआप उतरत नाही. आणि सरकारी भरतीची जाहिरात निघाली की अर्ज जागांच्या कित्येक पट येतात. उमेदवारच नसते तर ही गर्दी कुठून आली असती? खाटा वाढवायला एक आदेश पुरतो. पद निर्माण करायचे तर आकृतिबंध बदलावा लागतो, वित्त विभागाची संमती लागते, मग परीक्षा, मग नेमणूक. तोवर जुन्या सिस्टर निवृत्त होत राहतात. जळगावात २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, धुळ्याचे तर त्याच्याही कितीतरी आधीचे. सातपुड्याच्या पायथ्याची चोपडा, यावल, शिरपूरची माणसे याच दोन शहरांकडे येतात. पेशंट कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाहीत.

दुसरा गैरसमज निकषाबद्दलचा आहे, आणि तो सुशिक्षितांतही आढळतो. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डसाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका सांगितली आहे. ऐकणाऱ्याला ही चैन वाटते. पण हा हिशेब तिन्ही पाळ्या मिळून आहे. एका पाळीत तो नऊ रुग्णांना एक असाच पडतो. आता चाळीस खाटांचा वॉर्ड आणि रात्रपाळीला एक सिस्टर घ्या. आठ तासांची ४८० मिनिटे चाळिसांत वाटली तर एका रुग्णाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. त्या बारा मिनिटांत इंजेक्शन, सलाइनचे थेंब, बीपी, तापाचा तक्ता, किती पाणी पोटात गेले आणि किती बाहेर आले याची नोंद, शिवाय मध्येच नवा पेशंट आला तर त्याचे सगळे कागद. निकषाप्रमाणे नऊ रुग्ण असते तर प्रत्येकाला त्रेपन्न मिनिटे मिळाली असती. ज्या एकेचाळीस मिनिटांचा फरक पडतो, ती नातेवाईक भरून काढतात, किंवा कुणीच काढत नाही.

‘ते काम कुणीही करू शकते’ हा तिसरा समज. कूस बदलणे दिसायला सोपे, पण ती कधी बदलायची, कातडी कुठे लाल झाली, श्वास कधी बदलला हे ओळखणे हीच परिचर्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, आणि त्याची दखल सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेतली गेली. अमेरिकेत संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास मांडला: परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. युरोपातील २०१४ च्या अभ्यासातही जवळपास हाच आकडा आला. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून पाळीगणिक रुग्णसंख्येला कायद्याने मर्यादा घातली.

इथे कुणी म्हणेल, आकडे राहू द्या, सिस्टर उद्धट असतात आणि हलगर्जीपणा करतात. हलगर्जीपणा होतो, आणि तो झाला तर कारवाई व्हावीच. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. या घटनेचे खापर एकट्या तुटीवर फोडणे बरोबर नाही. पण कोणत्या पाळीत किती रुग्णांमागे कोण होते, हा प्रश्न निलंबनाच्या बातमीइतका गाजला नाही. खाटेवर पेशंट नाही हे लक्षात यायला कुणीतरी खाटेपाशी जावे लागते.

परदेशाचे म्हणाल, तर ओढा खराच आहे. महाराष्ट्र सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. इथे पद नाही आणि तिथे बोलावणे आहे, तर मुलींनी बसून का राहावे? यावर कॉलेजे वाढवा हा उपाय सांगितला जातो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिलीही. ती हवीतच. पण पदवी हातात घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला अकरा महिन्यांचे कंत्राट मिळणार असेल, तर कॉलेज म्हणजे विमानतळाकडे जाणारा रस्ता ठरतो.

उरतो पैशाचा आक्षेप. कायम पद महाग पडते, म्हणून खासगी एजन्सीमार्फत भरती करावी, असे म्हणतात. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका संपावर गेल्या त्या याच पद्धतीविरुद्ध, आणि बातम्यांत मात्र रुग्णांचे हाल तेवढे दिसले. खासगी रुग्णालयांची गोष्ट याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली, आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. खानदेशातली बहुतेक खासगी रुग्णालये याच गटातली आहेत.