विश्लेषण : दिव्यांगांना ‘डबलसीट’ सफरीचा आनंद कसा घेता येईल?

पावसाळा लागला की ताम्हिणी, वरंधा घाटांत दुचाकींची रांग लागते. घरातल्या दिव्यांग व्यक्तीला मात्र बहुतेक वेळा ‘तू गाडीतून ये’ असे सांगितले जाते. काळजीपोटीच, पण तोंडावर येणारा वारा आणि वळणावरचा झोक बंद काचेआड मिळत नाही. थोडी तयारी केली तर अनेकांना मागच्या सीटवरून ही सफर करता येते.

कायदा आडवा येतो का?

नाही. दिव्यांग व्यक्तीने मागे बसू नये, असे मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये म्हटलेले नाही. कलम १२८ नुसार चालकामागे एकच जण, तोही पक्क्या सीटवर, बसू शकतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे (कलम १२९). मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपले ‘साडी गार्ड’, असावे असे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो. हौसेने ‘मॉडिफाय’ केलेल्या गाडीवरून नेमक्या याच वस्तू गायब असतात.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण चढण्याची. चालकाने आधी बसून दोन्ही पाय जमिनीवर रोवावेत, मगच दुसऱ्याने चढावे. शेजारी ओटा किंवा पायरी असेल तर काम सोपे होते. पोलिओमुळे डावा पाय अशक्त असलेल्यांना उजवीकडून चढणे सोयीचे पडते, पण बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर त्याच बाजूला असतो.

मणक्याच्या दुखापतीमुळे पायांत संवेदना नसेल, तर हा सायलेन्सर मोठाच धोका ठरतो. पोटरी भाजते, तरी कळत नाही. पाय फूटरेस्टवरून घसरला तरी पत्ता लागत नाही. म्हणून जाड पँट, घोट्यावर येणारे बूट आणि दर अर्ध्या तासाने थांबून पायांची तपासणी हवीच. त्याच थांब्यात बैठकीवरचा भार हलका केला, तर त्वचेवर दाबाच्या जखमा होण्याचा धोकाही कमी होतो. अशा दुखापतीनंतर निघण्यापूर्वी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून घ्यावे.

ओढणीने बांधून घेतले तर?

हा जुगाड सर्रास दिसतो आणि तो वाईट आहे. गाडी घसरली तर दोघेही एकमेकांत अडकून पडतात. चालकाच्या कमरेला बांधायचा, मागच्याला धरायला मुठी असलेला पट्टा आणि पाठीला टेकू देणारा बॅकरेस्ट हा बरा मार्ग. मात्र हाताची पकड पक्की नसेल किंवा धड सावरता येत नसेल, तर मागची सीट नकोच. साइडकारचा विचार करावा. गाडीच्या रचनेत असा बदल करायचा तर कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते.

अंध, कर्णबधिर प्रवाशांचे काय?

अंध व्यक्तीला वळण, गतिरोधक, खड्डा आधी सांगावा, म्हणजे अंग आपोआप गाडीबरोबर झुकते. कर्णबधिरांसाठी खांद्यावरच्या थापा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात : एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. खरे तर हेल्मेट आणि वाऱ्याच्या आवाजात ही युक्ती कोणालाही उपयोगी आहे.

कुबड्या आडव्या धरू नयेत; गाडीच्या लांबीच्या दिशेने, चाकापासून दूर, घट्ट बांधाव्यात. पहिली फेरी सोसायटीच्या रस्त्यावर, मग पाच-दहा किलोमीटर, घाट त्यानंतर.