कारागिराची नवी पाटी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास शाळेंत आले. ते व्यवसायानें प्लंबर आहेत. मुलाची फी भरण्यास उशीर झाला होता, त्याबद्दल सांगावयास ते आले होते. आणि बोलतां बोलतां उशिराचें कारणही त्यांनीं सांगितलें. एका गृहस्थानें त्यांना त्यांच्या धंद्याचें एक संकेतस्थळ करून दिलें होतें, आणि दरमहा ठराविक रक्कम घेऊन तो तें चालवीत होता. फोन येऊं लागले, कामें मिळूं लागलीं. पुढें घरांत आजारपण निघालें, दोन महिन्यांची रक्कम थकली, आणि एके दिवशीं फोन येणें एकाएकीं बंद पडलें. चौकशी करतां असें कळलें कीं, संकेतस्थळ पूर्वींप्रमाणेंच चालू आहे. त्यावर ह्यांनींच केलेल्या कामांचीं छायाचित्रें आहेत, ह्यांच्याच गिऱ्हाइकांनीं लिहिलेले अभिप्राय आहेत. मात्र तेथील नंबरावर फोन केला असतां तो आतां दुसऱ्याच प्लंबरकडे वाजतो. "सर," ते आम्हांस म्हणाले, "पाटी माझी, काम माझें; मग गिऱ्हाईक दुसऱ्याचें कसें झालें?"

ह्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं, ह्याची आम्हांस लाज वाटली. पुढें आम्हीं ह्या विषयाची माहिती मिळविली. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांत वायरमन आहेत, सुतार आहेत, मोटार रिवाइंडिंग करणारे आहेत, पाण्याच्या टाक्या साफ करणारे आहेत. आणि वरच्या वर्गांतील कित्येक मुलांना संकेतस्थळें तयार करण्याचा नाद आहे. उभयतांस उपयोग व्हावा म्हणून ती माहिती येथें देत आहों.

पूर्वीं खेड्यांतील सुतार-लोहारांस पाटी लावण्याचें कारण पडत नसे. सारा गांव त्यांना ओळखी व ते साऱ्या गांवास ओळखीत. शहरांत ही ओळख तुटली. शेजारच्या इमारतींत कोण राहतो हें जेथें ठाऊक नसतें, तेथें रात्रीं दहा वाजतां फुटलेला नळ बंद करणारा मनुष्य कोठें राहतो हें कोण सांगणार? ही उणीव भरून काढण्यासाठीं प्रथम टेलिफोनच्या यादींत धंदेवार पानें निघालीं. आपल्याकडे मुंबईंत १९९६ सालीं सुरू झालेल्या जस्टडायल ह्या संस्थेनें फोनवरून पत्ते सांगण्याची सोय केली. १९९८ सालीं गूगल ही शोध घेणारी कंपनी अमेरिकेंत स्थापन झाली व २००५ सालीं तिनें नकाशे सुरू केले. आतां बहुतेक लोक हातांतील मोबाइलवर दोन शब्द टाइप करितात आणि जीं पहिलीं दोनतीन नांवें दिसतील त्यांपैकीं एकास फोन करितात. त्या पहिल्या दोनतीन नांवांतच आपलें नांव असावें, ह्यासाठीं सारी धडपड चाललेली असते.

अशा रीतीनें आलेल्या विचारणेस ह्या धंद्यांत 'लीड' म्हणतात. मराठींत आपण तिला गिऱ्हाइकाची चाहूल म्हणूं. चाहूल म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. फोन आला म्हणजे काम मिळालें असें नाहीं. तो करणारा नुसता भाव विचारील, किंवा आणखी चौघांना विचारून त्यांतल्या एकास बोलावील. हा भेद पालकांनीं पक्का ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व हिशेब ह्यावर अवलंबून आहे.

आतां असें संकेतस्थळ तयार कसें होतें तें पाहूं. त्यास तीन गोष्टी लागतात. पहिली नांव. हें इंटरनेटवरील नांव विकत मिळत नाहीं. तें एक किंवा अधिक वर्षांच्या बोलीनें आपल्या नांवें नोंदवावें लागतें व मुदत संपण्यापूर्वीं नूतन करावें लागतें. दुसरी जागा, म्हणजे ज्या संगणकावर आपलीं पानें ठेवलीं जातात तो संगणक. ही जागाही भाड्याची असते. तिसरी गोष्ट तीं पानें. त्यांत शोभेपेक्षां माहितीस महत्त्व आहे. लोक 'उत्तम सेवा' असें शोधीत नाहींत. ते 'बोरवेलची मोटार दुरुस्ती, सावेडी' असें शोधितात. म्हणून प्रत्येक कामास एक पान असावें, आपण कोणकोणत्या भागांत जातों तें स्पष्ट लिहावें, कामाच्या वेळा व साधारण दर द्यावेत, स्वतः केलेल्या कामांचींच छायाचित्रें लावावींत, आणि बोट ठेवतांच फोन लागेल असा नंबर वरच्या भागांत ठेवावा. पान हलकें असावें. मोबाइलला रेंज कमी असली तरी तें चटकन् उघडलें पाहिजे. ज्याचें घर पाण्यानें भरत आहे तो चित्र उघडण्याची वाट पाहत बसत नाहीं.

ह्याशिवाय गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करितां येते. ही नोंद विनामूल्य आहे. आपल्या आसपासचा कारागीर शोधणाऱ्यास कोणतीं नांवें आधीं दाखवावींत हें गूगल तीन गोष्टींवरून ठरवितें. शोधलेल्या कामाशीं धंदा कितपत जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि त्याचा लौकिक केवढा आहे, ह्या त्या तीन गोष्टी होत. जाहिरातीची जागा पैसे देऊन घेतां येते व तेथें तसें लिहिलेलें असतें. परंतु ह्या नैसर्गिक क्रमांत पैसे देऊन वर चढतां येत नाहीं. जो कारागीर दुकान न थाटतां लोकांच्या घरीं जाऊन काम करितो, त्यास घरचा पत्ता झांकून नुसता आपला टापू दाखविण्याची मुभा आहे. मात्र नुसत्या लीड गोळा करून विकणाऱ्यास अशी नोंद करण्यास गूगलच्या नियमांनीं मनाई आहे. ही मनाई कां, तें पुढें कळेल.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. प्रश्न उद्भवतो तो मालकीचा. संकेतस्थळ तीन प्रकारें चालतें. पहिल्या प्रकारांत कारागीर स्वतःच्या नांवें नोंदणी करितो व करून देणाऱ्यास एकदांच मजुरी देतो. दुसऱ्या प्रकारांत दुसराच मनुष्य एखाद्या गांवाचें व कामाचें नांव घेऊन पान तयार करितो, तें शोधांत वर आणतो, आणि मग कोणा कारागिरास महिन्याच्या भाड्यानें देतो. हा धंदा अमेरिकेंत बराच चालतो. अशा पानावरील नंबर कारागिराचा नसतो; तो मधला नंबर असतो व त्यावर आलेला फोन मालक सांगेल त्या दिशेस जातो. पाटाचें पाणी दारें धरणारा ज्या वाफ्याकडे वळवील तिकडेच जातें, तसाच हा प्रकार. तिसऱ्या प्रकारांत एखादी कंपनी चाहूल गोळा करिते व नगाप्रमाणें विकते. पुष्कळदां एकच चाहूल अनेकांना विकते.

ह्या तिसऱ्या प्रकाराचा हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. समजा, एका लीडची किंमत १५० रुपये आहे व ती चार जणांना विकली. विकणाऱ्यास एका फोनचे ६०० रुपये मिळाले. काम मात्र फार तर एकासच मिळणार. आतां समजा, एका वायरमननें महिन्यांत ४० लीड घेतल्या. खर्च ६,००० रुपये. पांचांतून एक काम ठरलें, म्हणजे ८ कामें मिळालीं. प्रत्येक कामावर ७५० रुपयांचा बोजा बसला. सामानाचा खर्च वजा जातां एका कामाचे १,२०० रुपये उरत असतील, तर त्याच्या हातीं ४५० च राहिले. आणि पांचांऐवजीं आठांतून एकच काम ठरलें, तर तो महिनाभर राबून जवळजवळ फुकट काम करील. म्हणून लीड किती येतात हें विचारूं नये. एका ठरलेल्या कामामागें किती खर्च पडला, हें विचारावें.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत घडली. होमअॅडव्हायझर ही कंपनी घरदुरुस्तीच्या कारागिरांना लीड विकीत असे. लीडचा दर्जा व त्यांतून प्रत्यक्ष कामें मिळण्याचें प्रमाण ह्यांविषयीं तिनें कारागिरांची दिशाभूल केली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशननें केला. आणि जानेवारी २०२३ मध्यें ७२ लाख डॉलरांपर्यंतची रक्कम देण्याचा हुकूम तिला झाला. येथें फसलेले लोक अडाणी नव्हते. त्यांनीं चाहूल हीच गिऱ्हाईक मानिली, एवढेंच.

फसवणुकीची दुसरी बाजू गिऱ्हाइकाची आहे. २०१७ सालीं गूगलनें व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं मिळून नकाशावरील एक लाखाहून अधिक खोट्या नोंदी तपासल्या. त्यांपैकीं सुमारें पांचांतील दोन नोंदी किल्लीवाले, प्लंबर, वायरमन अशा घरीं येऊन काम करणाऱ्यांच्या नांवांवर होत्या. पत्ते नसलेल्या जागांचे, फोन नंबर चार दिवसांचे. पत्ता खोटा असला तरी चालतें, कारण कारागीर स्वतःच गिऱ्हाइकाच्या दारीं येतो. फोनवर थोडा दर सांगावयाचा आणि दार उघडून झाल्यावर कितीतरी अधिक मागावयाचे, ही त्यांची रीत. ह्याचा फटका केवळ गिऱ्हाइकास बसतो असें नाहीं. नकाशावरील पहिल्या तीन जागा तीन खोट्या नांवांनीं अडविल्या, तर त्याच गल्लींतील खरा कारागीर दिसेनासाच होतो. गूगलची वरील मनाई ह्याच कारणासाठीं आहे.

खोट्या अभिप्रायांचेंही तसेंच. भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं अशा अभिप्रायांसाठीं आय. एस. १९००० हें मानक ठरवून दिलें आहे, आणि अमेरिकेंत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकण्या-घेण्यास बंदी झाली आहे. परंतु कायदा नसता तरी आमच्या मुलांस दुसरें काय सांगावयाचें? पवित्र शास्त्रांत खऱ्या वजनाची व खऱ्या मापाची ताकीद वारंवार आली आहे. मित्रांकडून लिहवून घेतलेला अभिप्राय हें खोटें मापच होय. गिऱ्हाइकाचा फोन नंबर ही देखील ठेव आहे. त्यानें तो नळ दुरुस्त करून घेण्यासाठीं दिलेला असतो, बाजारांत विकण्यासाठीं नव्हे. २०२३ सालीं आपल्या देशांत डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा मंजूर झाला, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. पाटी त्यांची नव्हतीच. पाटीवरील अक्षरें त्यांचीं होतीं. भिंत, खिळा व फोनची तार हीं तिन्ही दुसऱ्याचीं होतीं. भाड्याची व्यवस्था मुळांतच वाईट आहे असें आम्हीं म्हणत नाहीं. ज्यास वेळ नाहीं व लिहितां येत नाहीं, त्याच्यासाठीं कोणी श्रम करून पान चालविलें, तर त्या श्रमांचें मोल त्यास मिळालेंच पाहिजे. परंतु भाडेकऱ्यास आपण भाडेकरी आहों हें ठाऊक असावें, आणि घर सोडतांना आपलें सामान नेतां यावें. त्या गृहस्थानें कामांचीं छायाचित्रें व अभिप्राय ठेवून घेऊन त्यांवर दुसऱ्याचें गिऱ्हाईक जोडलें. हा भाड्याचा व्यवहार नव्हे. ही परक्याच्या लौकिकाची चोरी होय.

विनामूल्य मिळालेली जागाही आपली नसते, हें येथेंच सांगावयास हवें. धंद्याची नोंद करणाऱ्यांस गूगल पूर्वीं एक छोटें संकेतस्थळ फुकट देत असे. मार्च २०२४ मध्यें तीं सर्व संकेतस्थळें बंद करण्यांत आलीं. ज्यांनीं स्वतःचें नांव निराळें नोंदवून ठेविलें होतें, त्यांना नुसती जागा बदलावी लागली; ज्यांनीं तसें केलें नव्हतें, त्यांचा पत्ताच पुसला गेला.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, संकेतस्थळ कोणाकडूनही करून घ्या, पण इंटरनेटवरील नांव स्वतःच्या नांवें व स्वतःच्या ई-मेलवर नोंदवा. पानावर स्वतःचाच नंबर द्या. नकाशावरील नोंदीचे मुख्य मालक स्वतः राहा, करून देणारा फक्त व्यवस्थापक असूं द्या. आणि व्यवहार संपल्यावर काय कोणाकडे राहील, हें दोन ओळींत कां होईना, आधीं लिहून घ्या. पासवर्ड वहींत लिहून ती वही घरांत जपून ठेवा.

आणि ज्या मुलांस ही कला येते, त्यांस सांगावयाचें तें एवढेंच. दिवाळीच्या सुट्टींत आपल्या आळींतील एका कारागिराचें पान तयार करा. त्याच्याबरोबर एक दिवस कामावर जा. म्हणजे काय लिहावयाचें तें आपोआप कळेल. मजुरी उघडपणें मागा, ती घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु काम पुरें झालें कीं किल्ली ज्याची त्याच्या हातीं द्या. सुतार घराचें दार बसवितो. तो त्याची किल्ली खिशांत घालून घरीं जात नाहीं.

त्या प्लंबर पालकांचें नवें पान त्यांच्याच मुलानें दोन वर्गमित्रांच्या साहाय्यानें केलें आहे. त्यावर जुनीं छायाचित्रें नाहींत. तीं परत मिळालीं नाहींत. नव्या कामांचीं चार छायाचित्रें आहेत, दोन अभिप्राय आहेत. फोन अद्याप थोडे येतात. पण जो येतो तो त्यांच्याच खिशांत वाजतो, आणि तो त्यांच्याकडून कोणी वळवून नेऊं शकत नाहीं.