पावसाआधी गावाची पारख

१५ मे हा शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण. याच दिवसांत म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची गर्दी उसळते. सुकी मिरची, आमसुले, मीठ, सुके बांगडे, सुकी सुंगटे घेऊन माणसे घरी परततात. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. रीत मात्र पावसाने शिकविली. चार महिने नदी ओलांडणे जिकिरीचे होई, म्हणून घर आधीच भरून ठेवीत. आता शिवोली-चोपडे पूल झाला, दुकाने दाराशी आली, आणि पुष्कळांना वाटते की पुरुमेंताचे दिवस सरले. आम्हांला तसे वाटत नाही.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे विजेच्या तारांवर कोसळली आणि कित्येक गावे काळोखात राहिली. वीज गेली की पंप थांबतो आणि नळही कोरडा पडतो. त्याच वर्षी २३ जुलैला पूर आला आणि पेडणे तालुक्यात चांदेल, इब्रामपूर, हणखणे या भागांत पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तिळारीच्या पाण्याने याच पट्ट्याला आणि डिचोलीतील साळ गावाला झोडपले होते. तिळारीची हीच नदी पुढे शापोरा होऊन आपल्या चोपड्याजवळून समुद्राला मिळते.

तेव्हा, शेतकरी बंधुभगिनींनो, आपण गावाची पारख करू या. वीज, नळ आणि पूल तिन्ही आठ दिवस बंद पडले तर चोपडे आपल्याला सांभाळील काय?

पहिली कसोटी जमिनीची. येथे आपण भाग्यवान आहोत. उतारावर काजू, फणस, आंबा. घराभोवती माड, अळू, सुरण. खाली भाताची खाजने. आणि शेजारी आगरवाड्याची मिठागरे. खाजनातले कोरगुट भात खारटपणा सोसते. अन्न, मीठ आणि मासळी ज्या गावाच्या हद्दीत वा शेजारी मिळते, तशी गावे थोडी. परंतु पडीक शेत कोणाचेही पोट भरीत नाही.

दुसरी कसोटी पाण्याची. नळाचे पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येते, म्हणजे पूर तिकडे आला तरी तहान येथे लागते. विहीर हाच खरा आधार. पण नळ आल्यापासून कित्येक विहिरींत पालापाचोळा साचला, रहाट मोडला, कठडा ढासळला. २४ जूनला सांजांवला आपली मुले विहिरीत उड्या घेतात. त्याआधी, पाणी कमी असतानाच, विहीर उपसून गाळ काढावा. शुद्धीकरणासाठी हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर खोल असेल, तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी झाले. त्याला सत्तर ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवावी, गाळ बसू द्यावा, वरचे निवळ पाणी रात्री विहिरीत सोडावे आणि निदान तासभर पाणी काढू नये. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल तर मात्र आरोग्य केंद्राला विचारल्यावाचून ते पिऊ नये.

तिसरी कसोटी वाटेची आणि औषधाची. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळाला जाण्याची जवळची वाट शिवोली पुलावरून; दुसरी पेडणे, धारगळ, कोलवाळ अशी लांबची. दोन्ही वाटा घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. १०८ ची गाडी बोलाविताना घराची खूण नीट सांगता यावी. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव हलू न देता रोग्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे, कारण विषावर उतारा असलेली लस तेथेच मिळते. लेप्टोचा आजार उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून जखमेवाटे शिरतो. पायाला जखम असेल तर झाकल्यावाचून शेतात उतरू नये. चिखलात काम केल्यावर ताप व पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

चौथी कसोटी माणसांची, आणि येथेच आपण कमी पडतो. खाजनाचा जीव बांधात आणि मानसीत. मानसीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. दार कुजले, खेकड्यांनी बांध पोखरला, आणि वरून पूर व समोरून भरती एकाच वेळी आली, की खारे पाणी आत घुसते. मग एका कुळाचे नव्हे, सगळ्या पुरणाचे पीक जाते आणि जवळच्या विहिरीही खारटतात. पूर्वी पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर जाई. आज तरुण हॉटेलांत आणि मोपाच्या विमानतळावर कामाला जातात. त्यात दोष नाही. संसार चालवावाच लागतो. परंतु शेत सोडले की बांध सुटतो, आणि बांध सुटला की जमीन विकण्याचा विचार मनात येतो. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी आणली आहे. कायदा जमीन राखील, पण तिच्यावर माती घालायला कायदा येणार नाही.

म्हणून आमचा निवाडा असा: चोपडे राहण्याजोगे आहे, संकटात तारून नेण्याजोगेही आहे, मात्र बांध राखला तरच.

घरापुरते पुरुमेंत असे करावे. पाच माणसांच्या घराला माणशी रोज चारशे ग्रॅम धरून महिन्याला साठ किलो तांदूळ. भात कडकडीत वाळवून, जमिनीपासून उंच, पाट मांडून ठेवावे. पिण्याला व स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, म्हणजे आठ दिवसांना दोनशे लिटर झाकलेले पाणी. कुळीथ, खोबरे, मीठ, काडेपेटी, कंदील, आणि मधुमेहाची वा रक्तदाबाची नेहमीची औषधे महिनाभराची. जमिनीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर.

योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरली, ती केवळ स्वतःच्या घरासाठी नव्हेत. दारी आलेल्या परक्यालाही त्याने धान्य दिले, आणि ज्या भावांनी त्याला विकले होते त्यांनाही. आपला बांधही ख्रिस्ती-हिंदू असा भेद जाणत नाही. तेव्हा येत्या रविवारी मिस्सानंतर प्रत्येक वाड्यातील दोघांनी थांबावे, शेजारच्या हिंदू बंधूंनाही बोलवावे. ओहोटीच्या वेळी सगळा बांध चालून पाहू, मानसीची दारे तपासू आणि कोणत्या जागी किती माती लागेल ते लिहून काढू. कुदळ आणि पाटी ज्याने त्याने आणावी.