मातीचा मूळ हिशेब

वडोदरा सोडून पादरा तालुक्यात शिरलं की भाजीपाल्याची शेतं सुरू होतात. याच तालुक्यातून कारखान्यांच्या सांडपाण्याची एक वाहिनी जाते. १९८३ पासून ती नंदेसरी आणि कोयली परिसरातलं प्रक्रिया केलेलं पाणी धनोऱ्याहून सुमारे ५५ किलोमीटर वाहून सरोदजवळ महीच्या मुखाशी नेते. वाटेत काही गावांनी हे पाणी शेतालाही दिलं. म्हणूनच इथल्या मातीत शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती, हा प्रश्न उभा राहतो. त्यावर काम करणाऱ्या एका संशोधिकेबरोबर मी या शेतांतून फिरलो.

फावड्याने १५ सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेतला गेला. लोखंड लागलेला भाग त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून टाकला आणि आतली सारख्या जाडीची चकती काढली. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं तर त्या जवळही येऊ देत नाहीत, कारण त्यातलं जस्त नमुन्यात उतरतं. नागमोडी चालत शेतभरातून अशा चकत्या गोळा झाल्या. प्लॅस्टिकच्या कापडावर ढीग कालवून त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले. शेवटी अर्धा किलो माती पिशवीत गेली. शेतमालक शेजारीच उभे होते. त्यांचा प्रश्न एकच होता : ‘बेन, भाजी खाई शकाय ने?’

उत्तर देण्याआधी संशोधिका वाहिनीपासून दूरच्या शेतात गेल्या. सांडपाणी कधीच न लागलेली माती त्यांना हवी होती, तीही वरची आणि खोलवरची अशी दोन्ही. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानातही हीच गोष्ट आहे. निसर्गाचं देणं वजा केल्याशिवाय कारखान्याच्या नावावर आकडा लिहिता येत नाही. लिहिला, तर कारखानदाराचा वकील पहिल्याच दिवशी तो खोडून काढील. आणि मूळचंच आहे म्हणून सगळं झटकून टाकलं, तर शेतकऱ्यावर अन्याय होईल.

प्रयोगशाळेत माती सावलीत वाळते, लाकडी मोगरीने फुटते आणि दोन मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून जाते. मग अम्लराज, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, घालून ती तापवतात. प्रत्येक खेपेला एका चंचुपात्रात नुसतं आम्लच असतं. आम्लातून किंवा काचेतून किती धातू आला, हे त्यातून कळतं. गाळलेला द्रव अणुशोषण यंत्राच्या ज्योतीत जातो. क्रोमियमसाठी ३५७.९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लावला, की तो किती शोषला गेला त्यावरून आकडा मिळतो.

हा आकडा मातीतल्या धातूचा बराचसा साठा सांगतो. मुळांच्या हाती त्यातलं किती लागेल, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये मांडलेली डीटीपीए पद्धत वापरतात : ७.३ सामूचं द्रावण आणि दोन तास हलवणं. त्यात सैल धरलेला धातू तेवढा सुटतो.

क्रोमियमची तर रूपंही वेगळी. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला घट्ट चिकटून राहतं. षट्संयुजी मात्र पाण्याबरोबर विहिरीपर्यंत पोहोचतं आणि ते कर्करोगकारक आहे. वडोदऱ्यातल्या गोरव्याला हा धडा ठाऊक आहे. तिथल्या क्रोमियमयुक्त कचऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीपर्यंत गेलं होतं. षट्संयुजी रूप मोजताना माती आम्लाऐवजी अल्कलीत तापवावी लागते, कारण आम्लात त्याचं रूपच पालटतं.

पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज ओढतात. म्हणून त्या शेतकऱ्याला ठोस उत्तर द्यायचं, तर मातीबरोबर भाजीही तपासावी लागते. त्यांनी भाजीचे नमुनेही घेतले. पण असं उत्तर एखाद्या शोधनिबंधापुरतं का राहावं? २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्रापासून बोरॉनपर्यंत १२ बाबी असतात. शिसं, कॅडमियम आणि क्रोमियम त्यांत नाहीत. सांडपाण्याच्या वाटेवरच्या गावांसाठी या तीन ओळी वाढवायलाच हव्यात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या मातीचा मूळ आकडाही छापायला हवा.