एकट्या व्रतस्थाचे वार्धक्य

वयोवृद्ध रुग्ण तपासणीसाठी आला, की नाव आणि वय विचारून झाल्यावर आमचे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात : घरी कोण असते? या उत्तरावर उपचारांची निम्मी मांडणी अवलंबून असते. रात्रीची गोळी आठवणीने कोण देणार, न्हाणीघरात पाय घसरला तर हाक कोणास ऐकू जाणार, दोन दिवस जेवण कमी झाले हे कोणाच्या ध्यानात येणार, हे सारे त्या एका उत्तरात येते. मात्र समाजात असाही एक वर्ग आहे, ज्याने हे घर तरुणपणीच स्वेच्छेने बाजूस ठेवलेले असते. संन्यासी, मठाधिपती, ब्रह्मचारी कीर्तनकार, जैन मुनी, कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी हे सारे या वर्गातले. इतरांच्या आजारपणात धावून जाण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या स्वतःच्या आजारपणाचा दिवस कसा जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

यंदाच्या अहवालात आम्ही कॅथलिक धर्मगुरूंच्या वार्धक्याविषयी लिहीत आहोत. धाराशिव जिल्ह्यात कॅथलिक समाज अगदी अल्प आहे, तेव्हा हा विषय येथे कसा, असे काही देणगीदारांस वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्याने अशा एका वृद्ध धर्मगुरूंचा सन्मान केलेला आहे. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे (शहराचे तेव्हाचे अधिकृत नाव हेच होते) ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि वसईच्या हरित पट्ट्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीतले एक अग्रणी, अशी त्यांची ओळख होती. या संमेलनाचे अध्यक्षपद ख्रिस्ती धर्मगुरूंकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यांचा जन्म डिसेंबर १९४२ मधला, म्हणजे त्या वेळी वय ७७. त्या दिवसांत ते पाठीच्या दुखण्याने त्रस्त होते आणि वसईहून येथवरचा रस्ता चारशे किलोमीटरांहून अधिक. तरीही ते आले, उद्घाटनास उपस्थित राहिले, अध्यक्षीय भाषण केले आणि संमेलन पूर्ण होण्याआधीच उपचारांसाठी परतले. पुढे दीर्घ आजारानंतर २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मध्येच परतण्याविषयी त्या वेळी अनेकांनी हळहळ व्यक्त केली. वैद्यकीय दृष्टीने पाहता आम्हांस त्यात शहाणपण दिसते. आपणांवाचून होणार नाही ते कार्य करावे, इतरांकरवी होण्याजोगे इतरांवर सोपवावे आणि वेळीच उपचार घ्यावेत, हीच मोजणी आम्ही वृद्ध रुग्णांस शिकवू पाहतो. ती सर्वांस साधत नाही. व्रतस्थ माणसास तर विशेषच कठीण जाते, कारण त्याच्या लेखी काम ही नोकरी नसते, की साठाव्या वर्षी हार घालून निरोप दिला आणि संपले.

कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यानुसार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली, की बिशपांकडे राजीनामा सादर करावा, असे सांगितले आहे. तो स्वीकारायचा किंवा पुढे ढकलायचा, हे बिशप ठरवितात. निवृत्तांच्या निर्वाहाची व निवासाची तजवीज बिशपांनी पाहावी, असेही तेथे नमूद आहे. मात्र हा राजीनामा पदाचा असतो. दीक्षा आमरण राहते, आणि दैनंदिन मिस्सा व दिवसाच्या ठरावीक प्रहरांची प्रार्थना हा जीवनक्रमही चालूच राहतो. म्हणून धर्मगुरूचे म्हातारपण समजून घ्यायचे, तर त्यांचा दिवसच पाहावा लागतो.

दिवस भल्या पहाटे सुरू होतो. रात्रभर आखडलेली पाठ घेऊन अंथरुणातून एकदम उठू नये, आधी कडेवर दोन मिनिटे बसावे, हा आमचा पहिला सल्ला. वाढत्या वयात आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे उभे राहताना रक्तदाब अचानक उतरतो व भोवळ येते. मिस्सेत तर गुडघा टेकून उठण्याचा प्रसंग पुनःपुन्हा येतो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ते गुडघा टेकण्याऐवजी कमरेतून नमन करतात. उभे राहणेच अशक्य झाल्यास वृद्ध वा आजारी धर्मगुरूने बसून मिस्सा अर्पण करावी, अशी स्पष्ट मुभा त्याच कायद्यात आहे. बायबलच्या वाचनाचे व वेदीजवळच्या मदतीचे काम इतरांस देता येते.

लघवीचे प्रमाण वाढविणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली, की तासाभरात परिणाम दाखविते. भरल्या चर्चमध्ये वेदी सोडून जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून रविवारी ती गोळी गुपचूप वगळण्याकडे कल होतो. कीर्तनकार आणि एसटीने दूरचा प्रवास करणारे आजोबाही हेच करतात. गोळी वगळण्यापेक्षा तिची वेळ बदलून मागावी. डॉक्टर ती आनंदाने बदलून देतात, पण त्यांना कोणी सांगावे तर लागते.

मधुमेहाच्या रुग्णास उपवासाचे विचारावेच लागते. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आहे. पाणी व औषध यांस तो लागू नाही, आणि वृद्ध, आजारी तसेच त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्यातून सूट आहे. ईस्टरपूर्वीच्या काळातील दोन सक्तीचे उपवासही ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांवर बंधनकारक नाहीत. म्हणजे सत्तरीतले जे फादर इन्सुलिन घेऊन उपाशी राहतात, ते नियमासाठी नव्हे, सवयीने राहतात. आमच्याकडे नवरात्रात तुळजाभवानीचा उपवास धरणाऱ्या आजींचेही तसेच असते. नियम माणसास सवलत देतो. माणूस स्वतःस देत नाही. मिस्सेतील द्राक्षारस अत्यल्प असला, तरी तो रोजचा असतो. म्हणून यकृताचा आजार असल्यास वा औषध बदलल्यास त्याचा उल्लेख डॉक्टरांजवळ अवश्य करावा. ज्यांना मद्यांश वर्ज्य आहे, त्यांना परवानगीने न आंबविलेला द्राक्षरस वापरता येतो.

आहाराविषयी फार लिहीत नाही. एकट्याचा स्वयंपाक नेहमीच हलगर्जीचा होतो, आणि भक्तांच्या घरचा पाहुणचार नेहमीच जड. कुंथलगिरीचा पेढा पुढे आल्यावर नाही म्हणणे जिल्ह्यातल्या महाराजांनाही जमत नाही आणि फादरनाही.

त्यापेक्षा कानांविषयी लिहिणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. पापनिवेदनाच्या वेळी श्रद्धाळू माणूस धर्मगुरूच्या कानाशी कुजबुजत बोलतो. वार्धक्यात श्रवणशक्ती कमी होते, तेव्हा प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरपतात. स, श, फ, त यांसारख्या वर्णांचा फरक पुसट होतो. कुजबुजीत तर कंठाचा नाद नसतोच, केवळ श्वासाचे हे ध्वनी उरतात. त्यामुळे गप्पांत ज्यांना अजून नीट ऐकू येते, त्यांनाही कुजबूज कळेनाशी होते. इतर माणूस अशा वेळी शेजाऱ्यास विचारतो, काय म्हणाले? धर्मगुरूस ती सोय नाही, कारण पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते. मोठ्याने बोला, असेही म्हणता येत नाही, मागे रांग उभी असते. मग न ऐकताच मान हलविण्याचा किंवा ते कामच टाळण्याचा मोह होतो, आणि आपण निरुपयोगी झालो, असे मनाने घेतले जाते. ही निराशा श्रवणयंत्राने बऱ्याच अंशी टळू शकते. ज्यांना काठी घ्यायला लाज वाटत नाही, तेही यंत्र कानात घालायला वर्षानुवर्षे का कचरतात, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

डोळ्यांचेही असेच. प्रार्थनाग्रंथातली बारीक अक्षरे मोतीबिंदूने दिसेनाशी झाली, की दिवसाची घडीच विस्कटते. अंध वा आजारी धर्मगुरूस मिस्सेसाठी कोणतीही मान्य संहिता निवडण्याची, गरज भासल्यास दुसऱ्याच्या साहाय्याने, मुभा आहे. व्रतस्थास डोळ्यांचे दुखणे केवळ डोळ्यांपुरते नसते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी येथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना स्वीकारली. दृष्टी अधू होत गेल्याने जीवजंतू जपून चालण्याचे अहिंसाव्रत पाळणे अशक्य होईल, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. त्या मार्गाविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्यावी, एवढेच आम्ही सांगू शकतो.

पाठीच्या दुखण्याची कारणे या वयात अनेक असतात. मणक्यांमधील गाद्या झिजतात, मज्जारज्जूची वाट अरुंद होते, हाडे ठिसूळ झाल्याने मणका दबतो. चालताना पाय भरून येतात व वाकून बसल्यावर बरे वाटते, हे वाट अरुंद झाल्याचे नेहमीचे लक्षण. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेणे मात्र धोक्याचे. त्या मूत्रपिंड बिघडवितात, रक्तदाब वाढवितात आणि जठरातून रक्तस्रावही घडवू शकतात. पायांतली शक्ती एकाएकी कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली, तर एक दिवसही थांबू नये.

थांबावे केव्हा, या प्रश्नाला रोममध्येही एकच उत्तर मिळालेले नाही. पोप दुसरे जॉन पॉल पार्किन्सनचा आजार घेऊन २ एप्रिल २००५ रोजी निधन होईपर्यंत पदावर राहिले. सोळावे बेनेडिक्ट वयाच्या ८५ व्या वर्षी, शक्ती उरली नाही असे सांगून, फेब्रुवारी २०१३ मध्ये पायउतार झाले. पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे २०२२ पासून चाकांच्या खुर्चीचा आधार घेत एप्रिल २०२५ पर्यंत कार्यरत होते. तिघांच्याही बाजूने बोलता येईल. आम्हांस मात्र फादर दिब्रिटो येथे जसे वागले, ते सामान्य माणसाला अनुकरणास अधिक सोपे वाटते. त्या संमेलननगरीस संत गोरोबा काकांचे नाव होते. संतमंडळींत वडीलधारे, म्हणून ते सर्वांचे काका. संसारी असूनही साऱ्या मेळ्याचे ते काका झाले. येथे नेमके उलटे असते. संसार नसलेल्या ‘फादर’ना गावभर लेकरे असतात, परंतु रुग्णालयात सोबत कोण राहणार, हे ठरलेले नसते.

हा प्रश्न दाखल होण्याच्या दिवशी खिडकीशी उभा राहतो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असते. पण शुद्ध हरपली तर कोणास विचारावे, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले, की ते पुरे होते, आणि निर्णयासाठी एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. कॅथलिक शिकवण इच्छामरणास विरोध करते. तथापि असह्य ओझे ठरणारे व फलहीन उपचार नाकारण्यास तिची आडकाठी नाही. खर्चापुरते सांगायचे, तर ऑक्टोबर २०२४ अखेरीपासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. कार्ड आधारवरून निघते. एकट्या वृद्धास ते काढून देण्यास शेजारच्या तरुणाचा अर्धा तास पुरतो.

आमच्या दाखल-पत्रकावर ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना आहे. जो रुग्ण तेथे नाते लिहू शकत नाही, त्याने मित्र, शिष्य, सहकारी धर्मगुरू अथवा शेजारी यांचे नाव व दूरध्वनी क्रमांक निःसंकोच लिहावा. परिचारिकांनी ते नाव नातेवाइकाइतक्याच मानाने धरावे, अशी सूचना दिलेली आहे. आपल्या गावातल्या मठात, मंदिरात, मशिदीत वा चर्चमध्ये असे कोणी एकटे वयोवृद्ध असतील, तर पुढील तपासणीस येताना त्यांना सोबत घेऊन यावे. त्यांच्या चालू गोळ्यांची सर्व पाकिटे पिशवीत घालून आणावीत, रिकामी झालेलीसुद्धा.