त्वचेंतील पहारेकरी

स्वयंपाकघरांत तापलेल्या तव्याला बोट लागतें न लागतें तोंच हात मागें येतो. "भाजलें!" हा उद्गार त्यानंतरचा. हात आधीं हलतो आणि भाजल्याचें ज्ञान मागाहून होतें, हा क्रम विचार करण्यासारखा आहे. बाहेरच्या जगाची वर्दी शरीराला कशी पोंचते, याचें बरेंचसें रहस्य या एका क्षणांत सांठविलेलें आहे.

मनुष्याच्या त्वचेंत ज्ञानतंतूंचीं असंख्य टोंकें पसरलेलीं असतात; पण तीं सगळीं एकाच कामाचीं नसतात. कांहींना हलका स्पर्श कळतो, कांहींना दाब, कांहींना कंप. कांहीं उष्णतेचीं, कांहीं थंडीचीं, तर कांहीं इजेचीं जाणकार असतात. कंप ओळखणाऱ्या एका प्रकारच्या टोंकाभोंवतीं कांद्याच्या पापुद्र्यांसारखीं आवरणें असतात. इजा ओळखणारें टोंक मात्र अगदीं उघडें असतें.

या टोंकांच्या पटलांत सूक्ष्म दारें असतात. योग्य कारण घडलें कीं दार उघडतें, विद्युत्-भारित कण आंत शिरतात आणि तंतूंतून विद्युत्-स्पंद धांवूं लागतो. मिरचींतील तिखट द्रव्याचा माग काढतां काढतां डेव्हिड ज्यूलियस यांनीं १९९७ सालीं असें एक दार शोधून काढलें. तेंच दार सुमारें ४३ अंश सेल्सिअस उष्णतेनेंहि उघडतें, असें त्यांना आढळलें. ठेचा खाल्ल्यावर जिभेची आग होते असें जें म्हणतात तें केवळ अलंकारिक नव्हे. मेंदूला खरोखरच आगीची वर्दी मिळालेली असते. दाबाचें दार आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलें व तें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. या दोघांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग हलका स्पर्श आणि जोराचा तडाखा यांतील भेद मेंदूला कसा कळतो? एकाच तंतूंतील स्पंद लहानमोठे होत नाहींत. आघात जितका तीव्र, तितके ते अधिक दाट येतात. हें एड्गर एड्रियन व इंग्वे झॉटरमन यांनीं १९२६ सालीं एकेका तंतूंतील स्पंद नोंदवून दाखविलें. तव्याच्या प्रसंगीं ही वर्दी मज्जारज्जूंत पोंचतांच तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. मेंदूच्या निकालाची वाट पाहिली जात नाहीं. म्हणूनच हात वांचतो.

बोटांत घातलेल्या अंगठीचा थोड्याच वेळांत विसर पडतो, कारण स्पर्शाचीं बरींचशीं टोंकें तीच वर्दी पुन्हां पुन्हां देत नाहींत. इजेचीं टोंकें मात्र सहजासहजीं गप्प बसत नाहींत; सुजलेल्या जागीं तीं उलट अधिकच हळवीं होतात. दुखऱ्या पायावर भार देववत नाहीं, आणि त्यामुळेंच जखमेला भरून येण्यास अवसर मिळतो.

वेदनेची खरी किंमत ती नाहींशी झाली म्हणजे कळते. कुष्ठरोगांत बोटें आपोआप झडतात असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९४६ सालीं वेल्लोरला आलेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, हानीचें मुख्य कारण बधिरता हें आहे. ज्ञानतंतु निकामी झाल्यामुळें रोग्याला चटका कळत नाहीं, कांटा कळत नाहीं. न कळलेली जखम चिघळते आणि बोटांचा घास घेते. हा रोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. मात्र मेलेले तंतु बहुधा परत येत नाहींत. म्हणून त्वचेवर बधिर चट्टा दिसतांच वैद्याकडे जाणें, हेंच शहाणपण.

मधुमेहानेंहि पायांचे ज्ञानतंतु असेच हळूहळू मंदावतात. चपलेंतला खडा दिवसभर रुतत राहिला तरी अशा मनुष्यास पत्ता लागत नाहीं. त्यानें रोज रात्रीं दोन्ही तळवे डोळ्यांनीं नीट पाहावेत, पादत्राण घालण्यापूर्वीं झटकावें आणि स्नानाचें पाणी पायानें न अजमावतां कोंपरानें अजमावावें. त्वचेंतला पहारेकरी झोंपीं गेला म्हणजे त्याचें काम डोळ्यांना करावें लागतें.